जुन्या स्कींवर बांधलेली स्लेड: दोन हिवाळे ओढून झाल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, बनवा. गोठलेल्या तळ्यावर पायी चालत जाऊन गरी टाकणारे असाल, स्नोमोबाइल वगैरे नसेल आणि दरवेळी तो प्लॅस्टिकचा टब ओढून कंबर धरत असेल, तर जुन्या स्कींचा एक जोड शोधा आणि ही स्लेड, म्हणजे बर्फावरून सामान ओढायची गाडी, बनवा. साठेक डॉलरमध्ये होते आणि ताज्या बर्फात ओढायचा जोर निम्म्यावर येतो. फक्त एक गोष्ट, वरच्या फ्रेमचे सांधे स्क्रूने आवळू नका, दोरीने बांधा. माझा पहिला सीझन त्या स्क्रूंपायी अर्ध्यात गेला म्हणून एवढं ठासून सांगतेय.

आम्ही मिनेसोटात सेंट क्लाउडला राहतो. मी मूळची देवगडची, बाबांची छोटी उलांडीची होडी होती, त्यामुळे मासे आणि पाणी मला काही नवीन नाही, पण पाणी गोठतं आणि त्याच्यावर माणसं तंबू टाकून दिवसभर बसतात हे इथे आल्यावरच बघितलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याची जी गोडी लागली ती आजतागायत. या राज्यात दहा एकरांपेक्षा मोठी ११,८४२ तळी आहेत, म्हणजे जागेची ददात नाही. आमच्यापासून सव्वा तासावर मिल लॅक्स आहे, इथली माणसं त्याला मलॅक्स म्हणतात, वॉलाय माशासाठी नावाजलेलं, सव्वा लाख एकरांहून मोठं आणि एवढं मोठं असूनही जास्तीत जास्त खोली ४२ फूट. पण मी बहुतेक वेळा घराजवळच्या लहान तळ्यांवर जाते, क्रॅपी आणि पर्चसाठी. पर्च लहान मासा, पण रवा लावून तळला की मुलांना बाकी काही लागत नाही.

आता सामान किती असतं ते ऐका, कारण सगळा प्रश्न सामानाचाच आहे. ऑगर, म्हणजे बर्फाला भोक पाडायचं मोठं गिरमिट, माझं सहा इंची आहे, ड्रिलवर चालतं. एका माणसाचा घडीचा तंबू. प्रोपेनचा हीटर आणि सिलिंडर. फ्लॅशर, खाली मासा कुठे आहे ते दाखवणारं यंत्र, त्याची बॅटरी. जिवंत मिनोंची, म्हणजे गळाला लावायच्या बारक्या माशांची बादली, पाणी भरलेली. दोन काठ्या (इथे हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ टाकता येतात). भोकातला बर्फाचा चुरा काढायला झारा, अगदी आपल्या जिलबीच्या झाऱ्यासारखा. पहार, पुढे आपटत आपटत बर्फाचा अंदाज घ्यायला. थर्मास, डबा, जास्तीचे हातमोजे. सगळं मिळून ४० किलोच्या आसपास जातं आणि हे घेऊन कधी अर्धा मैल, कधी दीड मैल चालायचं.

पायीच का, तर मासा सगळ्यात चांगला लागतो तो सीझनच्या सुरुवातीला, आणि तेव्हा बर्फावर फक्त माणूसच जाऊ शकतो. इथल्या डीएनआरचे, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे आकडे मी फ्रिजवर लावून ठेवलेत. नवा, पारदर्शक, घट्ट बर्फ चालायला किमान ४ इंच, स्नोमोबाइलला ५ ते ७, छोट्या कारला ९ ते १०. पांढरा बर्फ असला तर जाडी दुप्पट धरायची, कारण त्यात हवा आणि भिजलेला स्नो असतो. आणि हे आकडे पाळूनसुद्धा कुठलाच बर्फ शंभर टक्के भरवशाचा नाही. २०२३-२४ चा हिवाळा तर इथल्या नोंदींमधला सगळ्यात उबदार होता, डिसेंबर संपता संपता अप्पर रेड लेकवर बर्फाचा भला मोठा तुकडा सुटून वाहत गेला आणि त्यावरची शंभरावर माणसं बोटींनी काढावी लागली. त्यामुळे मी गळ्यात आइस पिक (पाण्यात पडलात तर बर्फात रोवून वर यायचे टोकदार खिळे) अडकवल्याशिवाय पाऊल टाकत नाही आणि कमीत कमी वजन नेते, पण कमीत कमी म्हणजेसुद्धा ४० किलो!

तर टबबद्दल. बहुतेक जण काळा प्लॅस्टिकचा लांबोडका टब वापरतात, दोरी लावायची आणि ओढायचं. टब वाईट नाही हे मी स्पष्ट सांगते. उघड्या बर्फावर, म्हणजे वर स्नो नसताना, तो नुसता पळतो, मागे काही आहे हेही कळत नाही. पण आठ-दहा इंच ताजा स्नो पडला की टबाचं तोंड बुलडोझरसारखं पुढचा स्नो ढकलत जातं, चार पावलं टाकली की थांबा, टब उचलून ढिगाऱ्यावर चढवा, परत चार पावलं. आणि खरा वैताग म्हणजे स्लश. नवीन लोकांना वाटतं थंडी पडलीय म्हणजे वर सगळं कोरडं असणार, तसं नसतं. स्नोचं वजन पडलं की खालची बर्फाची लादी थोडी दबते, भेगांतून आणि जुन्या भोकांतून पाणी वर येतं आणि लादीच्या वर, स्नोच्या खाली साचून राहतं. वरचा स्नो गोधडीसारखा, म्हणून ते पाणी बाहेर उणे पंधरा असतानाही लवकर गोठत नाही. त्यात टब गेला की ओला होतो, बाहेर आला की त्याच्या बुडाला बर्फाचा थर चिकटतो, मग ते चार-पाच किलोचं जास्तीचं ओझं घेऊन खरवडत खरवडत चालायचं.

शेजारी एक आजोबा राहतात, नॉर्वेहून आलेल्या घराण्यातले, त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं की टबाच्या खाली स्की लाव. इथे अशा स्लेडला स्मिटी स्लेड म्हणतात, मासेमारीवाल्यांमध्ये जुनी गोष्ट आहे, दोन स्की, त्यावर लाकडी पाय, पायांवर आडवे दांडे आणि त्यावर टब नाहीतर तंबू ठेवायचा. काहीशे डॉलर टाकले तर लोखंडी तयारही मिळतात, पण त्या मुख्यतः स्नोमोबाइलच्या मागे लावायच्या, हाताने ओढायला जड पडतात.

स्की मी सेकंडहँड वस्तूंच्या दुकानातून घेतल्या, १२ डॉलरला जोड. इथे एक लक्षात ठेवा, जुन्या सरळ स्की बघा. हल्लीच्या स्की कमरेत बारीक आणि टोकांना रुंद असतात, त्या वळणं घ्यायला बनवलेल्या, सरळ ओढताना इकडेतिकडे जातात असं आजोबांचं म्हणणं, आणि त्यांच्या गॅरेजमधली तशी एक जोडी लावून बघितली तर खरंच जात होत्या. जुन्या, दोन्हीकडून जवळजवळ समांतर, १८० ते १९० सेंटिमीटरच्या डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून घसरायच्या स्की सगळ्यात बऱ्या. सपाटीवर चालायच्या क्रॉस-कंट्रीच्या घेऊ नका, हलक्या असतात पण अरुंद, ४० किलोखाली स्नोत रुततात.

बाइंडिंग, म्हणजे स्कीवरची बूट अडकवायची पकड, काढताना साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लावू नका. त्या स्क्रूंचं डोकं फिलिप्ससारखं दिसतं पण ते पोझीड्राइव्ह असतं, तीन नंबरचं, चुकीचं टोक लावलं की खाचच घासली जाते आणि मग स्क्रू निघता निघत नाही. शिवाय आत गोंद असतो. सोल्डरिंगचं कानस (म्हणजे ते तापणारं टोक, आमच्याकडे वायरमन कानसच म्हणायचा) अर्धा मिनिट स्क्रूवर टेकवून ठेवलं की गोंद मऊ पडतो आणि स्क्रू लोण्यासारखा फिरतो. सगळे स्क्रू मी असेच काढले.

पहिल्या हिवाळ्याची स्लेड मी मजबूत करायच्या नादात एकदम ताठ केली. टू-बाय-फोरचे (इथे मिळणारी दोन बाय चार इंची म्हणवली जाणारी लाकडी पट्टी) पाय, वर आडवे दांडे, प्रत्येक सांध्याला प्लायवूडचे त्रिकोण, प्रत्येक त्रिकोणाला सहा स्क्रू. पाय स्कीवर बसवायलाही वरूनच लाकडाचे स्क्रू मारले. ड्राइव्हवेवर ठेवून मी स्वतः त्याच्यावर उभी राहिले, उड्या मारल्या, जराही हलली नाही, नवरा म्हणाला गाडी ठेवली तरी मोडणार नाही. नवीन वर्षापर्यंत छान चालली. मग जानेवारीत एका तळ्यावर गेलो जिथे मागच्या आठवड्यात पिकअप ट्रक फिरले होते आणि त्यांच्या चाकोऱ्या गोठून दगडासारख्या झाल्या होत्या. डावी स्की चाकोरीत उतरली, उजवी वर राहिली, आणि कडाक असा आवाज आला, बंदुकीसारखा. मी आधी खाली बघितलं, बर्फ तडकला म्हणून काळजाचं पाणी झालं. बर्फ नव्हता, पुढचा आडवा दांडा बरोबर स्क्रूंच्या रांगेतून उभा चिरला होता, आणि उजव्या पायाचे स्क्रू स्कीतून उपटून वर आले होते, त्यांच्या आट्यांत स्कीच्या आतल्या लाकडाचा भुसा अडकलेला. उरलेला पाऊण मैल सामान दोन खेपांत हातात आणलं, सोबत मुलगी होती दहा वर्षांची, तिने मिनोंची बादली सांडू न देता आणली याचं मला आजही कौतुक आहे.

त्या रात्री बाबांशी व्हिडिओ कॉल होता. मी त्यांना मोडलेली फ्रेम दाखवली, म्हटलं जाड लाकूड घेऊ का, की लोखंडी पट्ट्या मारू. बाबा चष्मा लावून बघत राहिले आणि म्हणाले, "उलांडी खिळ्यान मारलेली खंय बघितलंस गो?"

मी गप्पच. आयुष्यभर ती होडी बघितली, तिच्यात बसले, वाळूवर ओढायला हात लावला, आणि हे डोक्यात आलं नाही. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, कोकणात लहान होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका बाजूला, थोड्या अंतरावर, पाण्यावर तरंगणारा लाकडाचा ओंडका असतो, ती उलांडी. होडीपासून दोन आडव्या दांड्या निघतात आणि त्यांच्या टोकांना उलांडी दोरीने बांधलेली असते. होडी एका लाटेवर, उलांडी दुसऱ्या लाटेवर, दोघींची उंची सारखी बदलत राहते आणि सगळा पीळ त्या दोऱ्या सोसतात. बाबा पुढे एवढंच म्हणाले, "खिळो हलणा नाय, मगे लाकूड फाटता." आणि माझ्या स्लेडचं नेमकं तेच झालं होतं, एक स्की चाकोरीत, एक वर, मधे हलायला जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांना सांगितलं तर ते हसून आत गेले आणि नान्सेनच्या स्लेडचा फोटो घेऊन आले. फ्रिट्यॉफ नान्सेन, नॉर्वेचा, ज्याने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं, त्याने त्या मोहिमेसाठी स्कीसारख्या रुंद पट्ट्यांवरची हलकी लाकडी स्लेड करून घेतली होती आणि तिचे सांधेही बांधलेलेच होते. इन्युइट लोकांच्या कोमॅटिक स्लेडमध्येसुद्धा आडव्या फळ्या बांधतात, ठोकत नाहीत. देवगडची होडी आणि ग्रीनलंडचा बर्फ, मधे अर्धी पृथ्वी, आणि दोन्हीकडच्या माणसांनी सांधा एकाच पद्धतीने सोडवलाय. मला हे कळलं त्या दिवशी काय आनंद झाला ते सांगता येणार नाही, बाबांना फोटो पाठवला तर त्यांनी परत पाठवून त्यावर बोटाने गोल काढून विचारलं, ही गाठ कशी मारलीय ते नीट दिसत नाही, जवळून काढ.

तर दुसरी स्लेड, जी आता दोन हिवाळे झाली वापरतेय. पायाचा तळ स्कीला खालून बोल्टने लावला, स्कीच्या तळात भोकाचं तोंड वाटीसारखं खोलगट करून, बोल्टाचं चपटं डोकं तळाच्या किंचित आत बसेल असं, आणि वरून इपॉक्सी भरून घासून सपाट केलं. वर नायलॉनचा कडा असलेला लॉकनट, म्हणजे धक्क्यांनी ढिला होत नाही. एवढाच भाग ताठ. त्याच्या वर पायाच्या माथ्याला खाच, खाचेत आडवा दांडा बसवलेला आणि तो दोरीने बांधलेला. आधी दांडा आणि पाय मिळून चौकोनी वेढे, चार-पाच, प्रत्येक वेढा ओढून आवळून. मग त्या वेढ्यांच्या मधून, दांडा आणि पाय यांच्यामध्ये, दोन-तीन आडवे वेढे, हे आवळले की पहिले वेढे करकचून बसतात. हे आडवे वेढे विसरलात तर बांधणी आठवडाभरात सैल पडते. आणि मागच्या दोन पायांमध्ये, पुढच्या दोन पायांमध्ये फुलीसारखी दोरी, नाहीतर फ्रेम पत्त्यांच्या बंगल्यासारखी एका बाजूला झोपते.

दोरीचं मटेरियल महत्त्वाचं. घरात पडलेली नायलॉनची पॅराकॉर्ड मी आधी वापरली, ती ओली झाली की ताणली जाते आणि सांधा लुळा पडतो. पॉलिएस्टरची ५ मिलिमीटरची घेतली, ती ताणत नाही. बाबा काथ्याच घे म्हणत होते, पण इथे चांगला काथ्या मिळाला नाही.

आता कशी चालते. माझ्याकडे बॅग तोलायचा हूकवाला काटा आहे, भारतात जाताना २३ किलो मोजायचा, प्रत्येक देसी घरात असतो तसा. तो मी दोरी आणि स्लेडच्या मधे अडकवला आणि तेच सामान, तेच तळं, त्याच सकाळी आधी टबात आणि मग स्लेडवर ओढून बघितलं. साधारण आठ इंच स्नो होता. टबाला काटा १५-१६ किलोच्या आसपास नाचत होता, ढिगारा साठला की १९ला जायचा. स्कींवर तो ७ ते ८ मध्ये राहिला. उघड्या बर्फावर मात्र दोघांत काही फरक नाही, दोन्हीकडे तीनच्या खाली, म्हणून तुमच्या तळ्यावर वाऱ्याने स्नो टिकतच नसेल तर हा खटाटोप करू नका, टब पुरेसा आहे. स्लशमध्ये काट्याकडे बघायला वेळ नव्हता, पण सामान जमिनीपासून नऊ इंच वर, फक्त दोन स्की पाण्यातून जातायत, टबाचं बूड कोरडं, आणि पलीकडे गेल्यावर स्कीच्या तळाचा बर्फ पहारीच्या दांड्याने दोनदा ठोकला की पडतो. मला सगळ्यात जास्त फरक इथे वाटला, आकड्यांपेक्षाही.

चाकोऱ्यांवरून ती कशी जाते ते तर बघत राहावं असं आहे. एक स्की खाली उतरते, त्या बाजूचा पाय खाली जातो, दोऱ्या करकरतात, जुन्या होडीसारखाच आवाज, वरचा टब जरासा तिरका होतो आणि पुढे गेल्यावर सगळं परत सरळ. मुद्दाम त्याच तळ्यावर गेले होते, तशाच चाकोऱ्यांतून आठ-दहा वेळा नेली, काही मोडलं नाही.

ओढायची दोरी कुठे लावायची यावर मी बराच वेळ घालवलाय. वरच्या दांड्याला लावली तर स्लेड पुढे झुकते आणि स्कींची टोकं स्नोत घुसतात. पुढच्या पायांच्या तळाशी, स्कीला लागून लावली की ओढ खालून येते आणि टोकं वर राहतात. आणि दोरी हातात धरू नका, कमरेला पट्टा लावा. मी जुन्या ट्रेकिंगच्या सॅकचा कमरपट्टा काढून त्याला दोन्ही बाजूंना कड्या लावल्यात. उतारावर दोरीची एक अडचण आहे, स्लेड मागून येऊन टाचांवर आदळते, आणि स्कीची टोकं पोटरीला लागतात तेव्हा जीव कळवळतो. यावर उपाय म्हणून दोरी पीव्हीसीच्या दोन पाइपांतून ओवून घेतली, पाइप माझ्या मागे फुली करून येतात, त्यामुळे स्लेड जवळ येऊच शकत नाही. तेव्हापासून तळ्याच्या काठाचा उतार बिनघोर उतरते.

मेण लावायला विसरू नका. आपण बैलगाडीच्या आखाला वंगण घालतो तसंच हे, घातलं तर फरक लगेच कळतो. स्कीचं मेण तापमानाप्रमाणे वेगवेगळं मिळतं, कडक थंडीचं घ्या, जुन्या इस्त्रीने वितळवून तळावर पसरवा (ती इस्त्री मग कपड्यांना वापरता येत नाही), गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. महिन्यातून एकदा पुरतं. पण उणे २५ च्या सकाळी कितीही मेण लावा, स्नो वाळूसारखा होतो, पायाखाली करकर वाजतो आणि स्की घसरायला मागत नाहीत. स्की घसरते ती घर्षणाच्या ऊबेने खाली जो पाण्याचा पातळ थर बनतो त्यावर, आणि एवढ्या थंडीत तो नीट बनतच नाही. त्या दिवशी काटा १० च्या वर होता. जवळच्याच जागी बसले.

दोष आहेत आणि ते माहीत असूनच बनवावी. पहिला म्हणजे उंची. नऊ इंच वर उचललं की ती कलंडते. काठावरच्या तिरक्या चढावर माझी एकदा पूर्ण आडवी झाली, मिनोंची बादली उपडी, सगळे मिनो स्नोत तडफडतायत आणि मी हातमोजे काढून एकेक गोळा करतेय, बोटं बधिर. तेव्हापासून सिलिंडर, बॅटरी आणि बादली टबाच्या तळाशी मधोमध, तंबू आणि हलकं सामान वर, आणि सगळ्यावरून रॅचेटचा पट्टा. उंची कमी करून सहा इंचही करता येईल, पण मग स्लशचा फायदा जातो, मी नऊवर राहिले.

दुसरं, थांबल्यावर ती चिकटते. ओढताना स्कीचा तळ ओलसर झालेला असतो, तुम्ही दोन तास बसलात की तो बर्फाला घट्ट धरतो आणि निघताना हिसका मारून मारून सोडवावी लागते. बांधलेल्या सांध्यांना हिसके बरे नाहीत. सामान उतरवलं की मी तिला कुशीवर आडवी करून ठेवते. सामान उतरवायचं नसेल तर स्कीखाली लाकडाच्या दोन पट्ट्या सरकवते.

तिसरं, गाडीत मावत नाही. आमची सेडान आहे. यावर मात्र दोरीचा फायदाच झाला, सीझन सुरू होताना बांधते आणि संपला की सोडते, सीझनभर गाडीच्या छतावरच्या रॅकवर. स्क्रूची असती तर गॅरेजमध्ये वर्षभर जागा अडवून बसली असती, आता उन्हाळ्यात दोन स्की आणि काठ्यांची एक मोळी भिंतीला लागून उभी असते. बांधायला दीड तास लागतो, आता मुलगी एक बाजू बांधते, मी दुसरी. यंदा नोव्हेंबरमध्ये तिने बांधलेला सांधा बाबांना व्हिडिओवर दाखवला, त्यांनी फोन जवळ धरायला लावला, मग म्हणाले शेपूट (गाठीबाहेर राहिलेलं दोरीचं टोक) आखूड ठेवलंस गो बाय, सुटात. तिने सोडून परत बांधला.

उघड्या गुळगुळीत बर्फावर वारा आडवा असला तर ती बाजूला सरकत जाते हेही सांगायला हवं. डाउनहिल स्कींना लोखंडी कडा असतात त्या थोडं धरून ठेवतात, पण कडा गंजून बोथट झाल्या असतील तर आधी कानशीने घासून घ्या, खरी कानस, सोल्डरिंगची नाही.

खर्च माझा असा झाला. स्की १२, टू-बाय-फोर आणि पट्ट्या मिळून १३, बोल्ट नट वॉशर १०, दोरी ११, मेण १५, इपॉक्सी घरात होतं. पीव्हीसी पाइप शेजारच्या आजोबांनी दिले. टब आधीचाच. वेळ म्हणाल तर दोन शनिवार, त्यातला अर्धा दिवस बाइंडिंग काढण्यात. हत्यारं ड्रिल, करवत, पटाशी आणि सॅंडपेपर, वर सांगितलेल्या वस्तू सोडल्या तर बाकी काही लागलं नाही. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कलंडण्याचा कापला.

मापं विचारणारे असतीलच म्हणून देते. स्की १८५ सेंटिमीटर, दोन्हींच्या मध्यरेषांत २२ इंच अंतर. हे अंतर टबाच्या रुंदीपेक्षा फार कमी ठेवू नका, अरुंद केली की लगेच कलंडते. पायाचा तळ १२ इंच लांब, रुंदी मात्र स्कीएवढीच तासून घ्या, बाहेर आला तर स्नो खेचतो. उभा पाय ६ इंच, आडवे दांडे २६ इंचाचे, दोन. त्यावर लांबीत दोन पट्ट्या ५४ इंचाच्या, त्याही बांधलेल्या. पुढचा पाय स्कीच्या मध्याच्या थोडा पुढे, मागचा शेपटीपासून फूटभर आत, म्हणजे वजन किंचित मागे राहतं आणि टोकं हलकी राहतात. सगळ्या लाकडाला जवसाचं तेल दोन हात. दोरी २५ मीटर घ्या, २० मध्ये होईल असं वाटतं पण शेवटच्या फुलीला कमी पडते, आणि प्रत्येक गाठीला चार बोटं शेपूट सोडा.